ज्येष्ठांचे आरोग्य तपासणी पॅकेज : रक्त नेमके, कंबर अंदाजे

पुण्यातील एका खासगी निदान केंद्राचे पन्नाशीपुढच्या लोकांसाठी असलेले ‘संपूर्ण आरोग्य तपासणी’ पॅकेज मी आणि माझ्या पत्नीने नुकतेच घेतले. मी ६१ वर्षांचा आहे आणि पत्नी ५७ वर्षांची. आम्हा दोघांनाही रूढ अर्थाने कोणी लठ्ठ म्हणणार नाही. प्रत्येकी ३,४०० रुपयांत रक्त व लघवीच्या तपासण्या, ईसीजी, पोटाची सोनोग्राफी, शरीररचना मोजणाऱ्या यंत्रावरची नोंद आणि शेवटी डॉक्टरांचा सल्ला असे या पॅकेजचे स्वरूप आहे. जाहिरातीत ‘८० हून अधिक चाचण्या’ असे लिहिले असले, तरी हिमोग्रामसारख्या एकाच तपासणीतला प्रत्येक आकडा वेगळा मोजून ही संख्या फुगवलेली असते, हे अशी तपासणी करणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावे. चाचण्यांच्या संख्येपेक्षा मला महत्त्वाचा वाटणारा निकष वेगळा आहे. या वयात मधुमेह आणि हृदयविकार यांची जी सर्वात स्पष्ट खूण शरीरावर बाहेरून दिसते, ती म्हणजे पोटाचा घेर. हा घेर केंद्राने नीट मोजला का, आणि मोजून त्याचा अर्थ सांगितला का, या कसोटीवर मी हे परीक्षण लिहीत आहे.

या कसोटीवर इतका भर का, हे आधी सांगायला हवे. पोटावर चिमटीत धरता येते ती चरबी कातडीखालची असते आणि ती दिसायला खटकली तरी तुलनेने निरुपद्रवी असते. खरा धोका असतो तो पोटाच्या स्नायूंच्या मागे, आतड्यांभोवती आणि यकृताजवळ साठणाऱ्या चरबीचा. ही चरबी स्वस्थ पडून राहत नाही. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले पोर्टल शिरेतून थेट यकृताकडे जातात, यकृत अधिक साखर आणि ट्रायग्लिसराइड्स नावाची चरबी अधिक प्रमाणात रक्तात सोडू लागते, इन्सुलिनचा परिणाम मंदावतो आणि शरीरात मंद स्वरूपाचा दाह कायम चालू राहतो. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची कातडीखालची चरबी लायपोसक्शनने, म्हणजे सरासरी नऊ-दहा किलो, काढून टाकण्यात आली. तरीही त्यांच्या रक्तातील साखर, इन्सुलिनचा परिणाम, रक्तदाब किंवा ट्रायग्लिसराइड्स यांत काही आठवड्यांनंतरही सुधारणा आढळली नाही, कारण आतली चरबी होती तिथेच होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतील मोठ्या अभ्यासातही हृदयविकाराच्या झटक्याशी निगडित नऊ प्रमुख कारणांत पोटाच्या लठ्ठपणाला स्थान मिळाले. मेंदूचाही यात संबंध आहे. उत्तर कॅलिफोर्नियात चाळिशीच्या आरंभी ज्यांच्या पोटाची जाडी मोजून ठेवली होती, अशा साडेसहा हजारांवर लोकांचा सरासरी ३६ वर्षांनंतर मागोवा घेतला, तेव्हा सर्वाधिक पोट असलेल्या गटात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सर्वात कमी पोट असलेल्या गटाच्या जवळपास तिप्पट आढळले.

वय वाढते तसे हे गणित आणखी बिघडते, आणि तेही वजनकाट्याला न कळता. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होते आणि आधी मांड्या व नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते. परिणामी एखाद्याचे वजन वीस वर्षे तेवढेच राहिले, तरी त्यातला स्नायूंचा वाटा घटलेला आणि पोटातल्या चरबीचा वाटा वाढलेला असू शकतो. ‘माझे वजन लग्नात होते तेवढेच आहे’ असे अभिमानाने सांगणारे अनेक गृहस्थ आपल्या ओळखीत असतात. त्यांचे हातपाय बारीक आणि पोट पुढे आलेले असते. त्यांना कोणी लठ्ठ म्हणत नाही, आणि त्यामुळेच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

पुण्यात राहणाऱ्या माणसाला तर ही गोष्ट विशेष ठाऊक असायला हवी, कारण तिचा अभ्यास याच शहरात झाला आहे. येथील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या तुलनेतील वजनाचा निर्देशांक, २२.३ होता, पण शरीरातील चरबी डॉ. युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरली. पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात असेही दिसले की आपली बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असूनही त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून असते आणि कमी भरतात ते स्नायू. म्हणूनच आपल्यासाठी निकषही वेगळे ठरले आहेत. युरोपीय पुरुषासाठी ९४ सेंटीमीटरपासून धोका मानतात, तर दक्षिण आशियाई पुरुषासाठी ९० आणि स्त्रीसाठी ८० सेंटीमीटरपासून. निर्देशांकाची मर्यादाही भारतीय तज्ज्ञांच्या २००९ सालच्या एकमतानुसार २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा अशी आहे. ही पार्श्वभूमी असलेल्या शहरातल्या तपासणी केंद्राकडून अपेक्षा अधिक असणे स्वाभाविक आहे.

आता प्रत्यक्ष अनुभवाकडे येतो. रक्त घेण्याच्या बाबतीत या केंद्राला पूर्ण गुण द्यावे लागतील. सकाळी सातची वेळ दिली होती आणि सातलाच आमचे नाव पुकारले गेले. रक्त घेणाऱ्या तरुणाने नाव आणि वय आम्हालाच पुन्हा सांगायला लावले, नळ्यांवरची लेबले आमच्यासमोर चिकटवली, पत्नीची शीर पटकन सापडत नसे म्हणून घाई न करता कोपराखाली उशी घेतली आणि एकाच टोचण्यात काम केले. उपाशीपोटीचे रक्त दिल्यानंतर उपमा आणि चहा मिळाला. जागा स्वच्छ होती, ज्येष्ठांसाठी बसायला खुर्च्या पुरेशा होत्या, आणि अहवाल सांगितल्याप्रमाणे त्याच संध्याकाळी मोबाइलवर आला. या सर्व गोष्टी साध्या वाटल्या तरी सर्वत्र मिळत नाहीत.

अडचण उंची, वजन आणि कंबर मोजण्याच्या टेबलापाशी सुरू झाली. तिथे बसलेली मुलगी अतिशय अदबीने वागणारी होती, पण तिच्यापुढे लांब रांग होती. मी पट्टा सैल करू लागलो, तेव्हा ती म्हणाली, “काका, पट्टा काढायची गरज नाही, वरूनच घेते.” तिने टेप पँटच्या पट्ट्यावरून फिरवली आणि ८६ अशी नोंद केली. माझ्या वयाच्या बहुतेक पुरुषांप्रमाणे माझा पट्टा पोटाच्या फुगवट्याच्या खाली बसतो, त्यामुळे तिने जे मोजले ते पोट नव्हतेच. पत्नीच्या बाबतीत टेप कुर्त्यावरून, बरगड्यांच्या लगेच खाली, जिथे कंबर सर्वात बारीक आहे तिथे घट्ट ओढली गेली आणि “काकू, ७८” असे सांगितले गेले. दोन माणसे, दोन वेगळ्या जागा, आणि दोन्ही चुकीच्या. यात त्या मुलीचा दोष मला वाटत नाही. तिला कोणी शिकवलेच नसावे. टेपसुद्धा शिवणकामाची जुनी, टोकाला झिजलेली होती, हे मात्र लाखो रुपयांच्या सोनोग्राफी यंत्राच्या शेजारी फार खटकले.

जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत अवघड नाही. सर्वात खालच्या बरगडीची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड हाताने चाचपून दोन्हींच्या मध्यावर खूण करायची, ताठ उभे राहायचे, पोट आत न ओढता श्वास सहज सोडायचा आणि त्या क्षणी टेप जमिनीला समांतर ठेवून, कातडीत रुतणार नाही इतपतच घट्ट धरून वाचायची. कपड्यांवरून मोजायचे नाही. घरी याच पद्धतीने एकमेकांची मापे घेतली, तेव्हा माझा घेर ९४ आणि पत्नीचा ८४ सेंटीमीटर निघाला. अहवालात आम्ही दोघेही मर्यादेच्या आत होतो. प्रत्यक्षात दोघेही बाहेर. याहून सोपा एक पडताळा ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये सुचवला आहे : घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. माझी उंची १६८ आणि पत्नीची १५२ सेंटीमीटर आहे, म्हणजे आमचा घेर अनुक्रमे ८४ आणि ७६ च्या आत हवा. या हिशेबानेही आम्ही दोघे बरेच पुढे गेलो आहोत.

केवळ आठ किंवा सहा सेंटीमीटरच्या फरकाने काय बिघडते, असे कोणी विचारील. पत्नीच्या अहवालावरून ते नेमके दाखवता येते. चयापचयाच्या बिघाडासाठी, ज्याला डॉक्टर मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, पाच निकष आहेत : वाढलेला घेर, १५० किंवा त्याहून अधिक ट्रायग्लिसराइड्स, पुरुषांत ४० पेक्षा आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी एचडीएल (म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल), वरचा १३० किंवा खालचा ८५ अथवा त्याहून अधिक रक्तदाब, आणि उपाशीपोटी १०० किंवा त्याहून अधिक साखर. यांतले कोणतेही तीन असले की निदान होते. पत्नीचे ट्रायग्लिसराइड्स १५८ आणि एचडीएल ४७ होते. रक्तदाब १२४/७८ आणि साखर ९६. घेर ७८ धरला तर दोनच निकष भरतात आणि ती ‘निरोगी’ ठरते. घेर ८४ धरला की तिसरा निकष पूर्ण होतो. तिचे वजन ५४ किलो, म्हणजे निर्देशांक २३.४, आणि अहवालात त्यापुढे हिरव्या अक्षरांत ‘सामान्य’ असे छापलेले आहे, कारण केंद्राच्या संगणकात अजून २५ ही पाश्चात्त्य मर्यादाच भरलेली आहे. भारतीय मर्यादा लावली असती, तर तिथेही ‘जास्त’ असे छापले गेले असते. सडसडीत दिसणाऱ्या, घरातली सर्व कामे करणाऱ्या सत्तावन्न वर्षांच्या स्त्रीला दोन ठिकाणी दिलासा दिला गेला आणि दोन्ही ठिकाणी तो चुकीचा होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २०२१ या काळात प्रथमच कमरेचा घेर मोजला गेला, तेव्हा ४० टक्के स्त्रिया आणि १२ टक्के पुरुष पोटाच्या लठ्ठपणात मोडले. हे लक्षात घेतले तर स्त्रियांच्या मोजमापात अशी ढिलाई अधिकच अनुचित वाटते.

माझ्या अहवालात तर पाचही निकष भरत होते : ट्रायग्लिसराइड्स १९२, एचडीएल ३८, रक्तदाब १३४/८४, साखर १०४, आणि नीट मोजलेला घेर ९४. त्याखेरीज गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारे एचबीए१सी ५.९, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ६४ किलो वजनामुळे माझा निर्देशांक मात्र २२.७, म्हणजे भारतीय मर्यादेतही सामान्य. हे सर्व आकडे अहवालाच्या वेगवेगळ्या पानांवर विखुरलेले होते आणि प्रत्येकापुढे ‘किंचित जास्त’ किंवा ‘सीमारेषेवर’ असे छापलेले होते. त्यांना एकत्र गुंफणारे एक वाक्य कुठेही नव्हते. किंचित बिघडलेल्या पाच गोष्टी एकाच कारणाने, पोटातल्या चरबीने, बिघडल्या असतील, तर रुग्णाला ते कारण सांगणे हेच पॅकेजचे काम असते. सुटे आकडे तर गल्लीतली साधी प्रयोगशाळाही देते.

शरीररचना मोजणाऱ्या यंत्राबद्दल थोडे सांगतो. अनवाणी उभे राहून दोन मुठी धरायच्या, शरीरातून सौम्य विद्युत प्रवाह जातो आणि मिनिटभरात चरबी, स्नायू, पाणी आणि ‘व्हिसरल फॅट’ यांचे आकडे छापून येतात. दिसायला हे प्रभावी आहे. परंतु हे यंत्र पोटातली चरबी पाहत नाही. शरीराचा विद्युतरोध मोजून, उंची, वय आणि लिंग यांच्या आधारे सूत्राने ती अंदाजते. पाणी किती प्यायले, नुकताच व्यायाम केला का, यावर आकडा बदलतो. पोटातील चरबी खात्रीने मोजायची तर सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो, आणि नुसत्या तेवढ्यासाठी कोणी तो करू नये. यंत्राचा उपयोग स्वतःच्याच आकड्यांची, त्याच वेळी आणि त्याच स्थितीत, काही महिन्यांनी तुलना करण्यापुरता आहे. माझ्या कागदावर ११ हा आकडा होता. तो कशापैकी ११, आणि किती असावा, याचा कागदावर उल्लेख नव्हता. अधिक गंभीर बाब अशी की, पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने अशा यंत्रावर उभे राहू नये, ही सूचना तिथे लावलेली नव्हती आणि आम्हाला कोणी तसे विचारलेही नाही. ज्येष्ठांच्या पॅकेजमध्ये ही त्रुटी अक्षम्य आहे आणि ती एका फलकाने दूर होऊ शकते.

सोनोग्राफी मात्र काळजीपूर्वक झाली. डॉक्टर महिलेने स्वतः पडदा माझ्याकडे वळवून यकृत मूत्रपिंडाच्या तुलनेत अधिक पांढुरके दिसते ते दाखवले आणि ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ म्हणजे काय ते सांगितले. मी दारू घेत नाही, हेही तिने विचारून नोंदवले. संपूर्ण तपासणीत पोटातल्या चरबीविषयी कोणी माझ्याशी नीट बोलले असेल, तर ती हीच पाच मिनिटे. पुढचे पाऊल मात्र अहवालात हवे होते. यकृतात व्रण पडू लागले आहेत का, याचा प्राथमिक अंदाज देणारा ‘फिब-४’ नावाचा एक गुणांक आहे, आणि त्याला वय, एएसटी व एएलटी ही यकृताची विकरे (एन्झाइम्स) आणि प्लेटलेट्स एवढेच लागते. या चारही गोष्टी केंद्राकडे होत्या. माझे एएसटी २६, एएलटी ३६ आणि प्लेटलेट्स २ लाख २० हजार. ६१ ला २६ ने गुणायचे, २२० ला (प्लेटलेट्स हजारांत) ३६ च्या वर्गमुळाने म्हणजे ६ ने गुणायचे आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. उत्तर येते १.२. हे १.३ च्या खाली असल्याने सध्या चिंतेचे कारण नाही. ज्याच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ हा शब्द छापून येतो, त्याला एवढा एक आकडा मिळाला तर रात्रीची झोप तरी लागेल.

डॉक्टरांचा सल्ला दुसऱ्या दिवशी फोनवर झाला. डॉक्टर सौजन्याने बोलले, पण “या वयात थोडंफार असतंच, काका, तेलकट-गोड कमी करा, चालत राहा” यापलीकडे गेले नाहीत. चालणे चांगलेच आहे. नियमित वेगाने चालण्याने वजन फारसे उतरले नाही, तरी आतली चरबी कमी होते, आणि म्हणूनच काट्याकडे पाहून निराश होणाऱ्या माणसाला टेपकडे पाहायला सांगणे आवश्यक असते. ते सांगितले गेले नाही. झिजणाऱ्या स्नायूंसाठी आठवड्यातून दोनदा तरी ताकदीचे व्यायाम करावेत आणि जेवणातली पोळी-भाताची बाजू कमी करून डाळ, उसळ, दही, अंडे यांची बाजू वाढवावी, हेही सांगितले गेले नाही. आमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांनी हेच सर्व त्याच अहवालावरून दहा मिनिटांत समजावले आणि आधी स्वतः टेप घेऊन आमची मापे पुन्हा तपासली. ती आमच्या घरच्या मापांशी जुळली.

जपानमध्ये २००८ पासून ४० ते ७४ वर्षांच्या नागरिकांच्या वार्षिक तपासणीत कंबर मोजणे कायद्याने आले आहे. पुरुषांसाठी ८५ आणि स्त्रियांसाठी ९० सेंटीमीटर ही तिथली मर्यादा आहे. स्त्रियांची मर्यादा पुरुषांपेक्षा जास्त का, यावर तिथल्या तज्ज्ञांतही वाद आहे. मर्यादा वादग्रस्त असो, पण घेर ही नोंद म्हणून गांभीर्याने घेतली जाते आणि जो मर्यादेबाहेर जातो त्याला मार्गदर्शन देण्याची जबाबदारी विमा योजनेवर पडते. आपल्याकडे कायदा नसला, तरी पैसे घेऊन ‘संपूर्ण’ तपासणी विकणाऱ्याने एवढे स्वतःहून करायला हरकत नाही.

या सर्व गोष्टी मी केंद्राला लेखी कळवल्या. उत्तर वेळेत आले. आमची कमरेची नोंद दुरुस्त करून अहवाल पुन्हा पाठवण्यात आला, आणि पेसमेकरची सूचना लावू असे कळवण्यात आले. निर्देशांकाची मर्यादा मात्र ‘सॉफ्टवेअरमधून ठरलेली’ असल्याचे उत्तर मिळाले, जे मला पटले नाही.

घ्यावे की न घ्यावे, असे विचाराल तर रक्ततपासणी आणि सोनोग्राफी यांसाठी मी या केंद्राची शिफारस करतो, पण कंबर मोजताना पट्टा काढून, योग्य जागी, कपड्यांशिवाय मोजण्याचा आग्रह धरावा, आणि स्त्रियांनी त्यासाठी पडद्यामागची जागा मागून घ्यावी; मागितल्यावर ती मिळते. आणखी एक गोष्ट पैशांविषयी. याच केंद्राचे ५,९०० रुपयांचे वरच्या श्रेणीचे पॅकेज आहे आणि काउंटरवर तेच घेण्याचा आग्रह होतो. त्यात मुख्यतः सीईए, सीए-१२५ यांसारख्या कर्करोगाशी संबंधित रक्तचाचण्या आणि काही जीवनसत्त्वांच्या पातळ्या वाढवलेल्या आहेत. कोणतेही लक्षण नसलेल्या माणसाने कर्करोग शोधण्यासाठी या दोन चाचण्या कराव्यात, अशी वैद्यकीय शिफारस नाही. आकडा थोडा वर आला तर भीती आणि पुढच्या अनावश्यक तपासण्या मात्र मागे लागतात. खालच्या श्रेणीचे पॅकेज पुरेसे आहे. उरलेल्या अडीच हजारांत घरासाठी रक्तदाब मोजण्याचे एक चांगले यंत्र आणि एक न ताणली जाणारी टेप सहज येते.